स्लरी टँकची ऑर्डर आली? आधी प्रश्न, मग कोटेशन



फॅब्रिकेशनच्या धंद्यात नवीन असताना एक मोह हमखास होतो. पार्टी म्हणते, "टँक एस.एस.मध्ये बनवून द्या," आणि आपण किलोचा भाव काढून लगेच कोटेशन पाठवतो. माझं स्पष्ट मत आहे: टँकमध्ये काय जाणार हे न विचारता कोटेशन देऊ नका, ऑर्डर गेली तरी चालेल.

हे मी पैसे भरून शिकलोय. शॉप सुरू करून दुसरं वर्ष होतं. एका गॅल्व्हनायझिंग युनिटला न्यूट्रलायझेशन टँक हवा होता. लोखंड धुतलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड त्यात येणार, वरून चुना टाकून ढवळणार. पार्टीने ३०४ सांगितलं, मी ३०४ दिलं. वर्षाच्या आत वेल्डच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली. नफा होता २२ हजार, दुरुस्तीत गेले ६० हजार. बीबीएला कॉस्ट शीट शिकलो होतो, पण चुकीच्या मटेरियलची ओळ त्यात नव्हती.

चूक कुठे झाली? मला वाटलं, चुना टाकला की ॲसिड मेलं. ॲसिड मरतं, पण क्लोराइड पाण्यात तसंच राहतं आणि स्टेनलेसवरचा संरक्षक थर फोडतं. चुन्यातले बारीक खडे घासत राहतात, म्हणून तो थर पुन्हा नीट धरत नाही. मग ३१६ वापरायचं का? हायड्रोक्लोरिकपुढे तेही टिकत नाही. कडक वेअर प्लेट घासणं सोसते, ॲसिड नाही.

म्हणून आता मी चार प्रश्न विचारतो. केमिकल कोणतं? तापमान किती? खडे केवढे, टोकदार आहेत का? तेल येतं का?

अशा ॲसिडच्या स्लरीत कण बारीक, तेल नाही, तापमान ७० अंशांच्या आत असेल, तर मी एम.एस. टँक आणि आतून मऊ नैसर्गिक रबराचं लायनिंग सुचवतो. रबर दबतं आणि कणाचा मार झेलतं. पण तेलाने ते फुगतं आणि मोठ्या टोकदार खड्यांनी कापलं जातं. टँक लहान आणि ६० अंशांच्या आत असेल तर एचडीपीई, त्याहून थोडं गरम असेल तर पीपी.

आता वेल्डिंग. रबर लायनिंग करायचं असेल तर आतला प्रत्येक वेल्ड सलग हवा, ग्राइंड करून गुळगुळीत, कोपरे गोल. वेल्डमध्ये छिद्र राहिलं तर रबर पकवताना आतली हवा फुगते आणि लायनिंग उचललं जातं. नोझल, ब्रॅकेट सगळं आधीच लावा. नंतर बाहेरून एक टाका मारला तरी आतलं रबर जळतं.

एचडीपीईच्या जाड शीटला एक्स्ट्रूजन गन वापरा. वेल्डच्या आधी कडा खरवडा, कारण वरच्या जुन्या थरावर जॉइंट धरत नाही. रॉड त्याच मटेरियलचा घ्या. पीपीचा रॉड एचडीपीईला चालत नाही.

डिलिव्हरीआधी लायनिंगची स्पार्क टेस्ट करा. "पाणी भरून बघितलं" एवढ्यावर थांबू नका. मागे लोखंड असल्यामुळे लायनिंगमधलं भोक पाण्याने कळत नाही. ॲसिडला मात्र ते बरोबर सापडतं.

तुम्ही म्हणाल, एवढे प्रश्न विचारले तर पार्टी दुसरीकडे जाईल. काही जातात. माझ्याही गेल्या. पण ज्या राहतात त्या पुढची ऑर्डर घेऊन येतात, कारण त्यांचा प्लांट बंद पडलेला नसतो.

लायनिंग स्वतः करायचा हट्ट धरू नका. ते काम करणाऱ्याकडून भाव घ्या, कोटेशनमध्ये वेगळा दाखवा. आणि चारही उत्तरं कोटेशनवर लिहून पार्टीची सही घ्या. उद्या त्यांनी त्याच टँकमध्ये दुसरंच काही ओतलं, तर तो खर्च तुमच्या अंगावर येणार नाही.