निनावी दगडांची साक्ष

आयर्लंडच्या ग्रामीण भागात ‘किलीन’ नावाच्या जुन्या दफनभूमी आहेत. तेथील ओबडधोबड दगडांना अंधश्रद्धेचे अवशेष म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, की त्या बापाने दुसरे काय करावयाचे होते? स्नानसंस्काराविना दगावलेल्या अर्भकाला पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. त्याचा आत्मा ‘लिंबो’त राहतो, अशी शिकवण होती. मग बाप रात्रीच्या अंधारात ते इवले शव पडक्या मठाच्या आवारात वा शिवेवर पुरी. ना धर्मगुरू, ना नाव. केवळ एक दगड, कधी पांढऱ्या गारगोट्या. अशा थडग्यावर पाय पडला तर वाट चुकते, असे लोक म्हणत. विसरायचेच असते, तर खूण कशाला ठेवली असती?

लिंबो हे ख्रिस्तसभेचे श्रद्धातत्त्व कधीच नव्हते. 1983 च्या धर्मसंहितेने बिशपांच्या अनुमतीने अशा बालकांच्या अंत्यविधीस वाट करून दिली. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहे, असे म्हटले. ती आशा त्या दगडांनी केव्हाच धरली होती. दोष दगड ठेवणाऱ्या हातांचा नव्हे, दार बंद करणाऱ्यांचा आहे. बाळ गमावलेल्या मातेशी बोलताना आपण हे विसरू नये.