बकरी ईदच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा

बकरी ईदआधी शांतता समितीची बैठक होते. मीही तिथे चहा पिऊन, "सहकार्य करू" म्हणून परतलोय. मग जनावरांची गाडी अडवली की आपण ओरडतो. परभणीच्या तरुणांनो, बैठकीतच बोला. आधी कायदा वाचा. 1976 च्या कायद्यात गाय होती, 2015 पासून बैल आणि वळूही आले. म्हैस त्या बंदीत नाही. मग एकच प्रश्न विचारा: गाडीची कागदपत्रं तपासायची कुणी, पोलिसांनी की जमावाने? उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. तोच प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. जनावर विकणाऱ्या शेतकऱ्यालाही सोबत न्या. बाजार बसला की नुकसान त्याचंही होतं. आवाज चढवू नका, पण प्रश्न सोडू नका.