धावपट्टीचा मोह

एकच इंजिन असलेल्या लहान विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले की ते दगडासारखे खाली येते, ही सुशिक्षितांतही रूढ असलेली समजूत निराधार आहे. सेसना १७२ सारखे साधे विमान, वैमानिकाने ताशी सुमारे १२० किलोमीटरांचा वेग सांभाळला तर, हजार फूट उतरता उतरता जवळजवळ पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते, आणि तेवढ्यात एखादे मोकळे शेत हेरता येते. घात होतो तो बहुधा मागे राहिलेल्या धावपट्टीच्या मोहाने; कारण उड्डाणानंतर लगेच यंत्राने दगा दिला असता ज्याला माघारी वळण्याची बुद्धी होते, त्याचे विमान त्या तीव्र वळणात वेग गमावते, पंखांची उचल अकस्मात नाहीशी होते आणि सावरण्यापुरती उंचीच शिल्लक राहत नाही.

५ मार्च २०१५ रोजी हॅरिसन फोर्ड या अमेरिकन नटाने आपले १९४२ सालचे रायन विमान कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाहून उडविले आणि थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली. त्यानेही प्रथम माघारीच वळू पाहिले. परंतु धावपट्टी हाती लागत नाही हे उमजताच तो हट्ट सोडून त्याने जवळचे गोल्फचे मैदान पत्करले, आणि झाडाच्या शेंड्याला घासून विमान आपटले तरी जबर जखमांनिशी तो वाचला. त्याच्या धैर्याची तारीफ पुष्कळ झाली. मला मात्र (नटांच्या पराक्रमाविषयी माझे मत मुळातच बेताचे असल्यामुळे असेल) चौकशीचा अहवाल अधिक मननीय वाटतो. कार्ब्युरेटरमधील, इंधनाचे माप राखणारे चिमुकले जेट आटे सुटून जागेवरून ढळले होते, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल अतोनात जाऊन इंजिन गुदमरले. आणि ते जेट ठराविक मुदतीने तपासावे अशी ताकीद देखभालीच्या पुस्तिकेत नव्हतीच. खांद्याच्या पट्ट्याची जोडणीही सदोष असल्यामुळे दुखापत अधिक गंभीर झाली.

पुस्तिकेला न सुचलेली खोड यंत्रात केव्हाही निघू शकते, म्हणून निर्णय जमिनीवरच झालेला असला पाहिजे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच सरावास निघालेल्या प्रशिक्षणार्थीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले आणि ती किरकोळ जखमांवर बचावली. अशा प्रसंगी आपण दैवाचे आभार मानतो आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. त्यापेक्षा, अमुक उंचीखाली इंजिन गेले तर माघारी वळणार नाही, हे वैमानिकाने मोठ्याने उच्चारल्यावाचून थ्रॉटलला हात घालू नये, असा दंडक प्रत्येक फ्लाइंग क्लबाने घालावा. त्याला पैचाही खर्च नाही.