विमानाचं इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठं? उत्तर उड्डाणाआधीच ठरलेलं हवं

खडकवासला : धरणाजवळ उभं राहिलं की कधीमधी लांब पंखांचं छोटं विमान घिरट्या घालताना दिसतं. एनडीएत हवाई दलाच्या कॅडेट्सना ‘सुपर डिमोना’ या मोटर ग्लायडरवर उड्डाणाचे धडे देतात. त्याचं इंजिन बंद असलं तरी ते लांबवर तरंगत जातं. सगळ्या छोट्या विमानांना हे जमत नाही.

पुणे जिल्ह्याला हा विषय नवा नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात प्रशिक्षण विमान कोसळलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती तालुक्यात कटफळ आणि गोजुबावी इथं चार दिवसांत दोन विमानं पडली. अपघाताची कारणं वेगवेगळी असतात, पण छोटं विमान धावपट्टी सोडून खाली येतं तेव्हा ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी रानातच येतं.

हातात दीड मिनिट

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही. वारा नसेल तर सेसना १५२ सारखं विमान हजार फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. त्याला वेळ लागतो दीड मिनिट. सुपर डिमोना तेवढ्याच उंचीवरून आठ किलोमीटरच्या आसपास जातं. समोरून वारा असेल तर हे अंतर घटतं.

खरी चूक होते ती घाबरून. जमीन जवळ येताना दिसली की माणूस नाक वर ओढतो. वेग कमी होतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान कोसळतं. दुसरी चूक म्हणजे कमी उंचीवरून धावपट्टीकडे परत वळणं. म्हणून वैमानिकाने उड्डाणाआधीच ठरवायचं असतं : अमुक उंचीच्या खाली इंजिन गेलं तर मागं वळायचं नाही, समोर किंवा थोडं बाजूला उतरायचं.

घरी बांधलेल्या विमानाचं काय?

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. २०१७ मध्ये नोंदणी झाली, पुढं धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. कारखान्यातल्या विमानाबरोबर पुस्तिका येते. इंजिनाविना ते किती लांब जाईल हे तीत छापलेलं असतं. घरच्या विमानाचे आकडे बांधणाऱ्यालाच मोजावे लागतात. त्यासाठी धावपट्टीच्या वर, भरपूर उंचीवर चाचणी घ्यावी लागते. त्यातही इंजिन मंद ठेवून मिळालेलं अंतर आणि ते पूर्ण बंद पडल्यावरचं अंतर सारखं नसतं.

बांधणीतली छोटी गोष्टही जिवावर बेतते. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये अशाच घरगुती बनावटीच्या विमानात गेले. इंधनाची टाकी बदलायचा खटका त्यांच्या डाव्या खांद्यामागं होता. तिथवर हात नेताना विमानावरचा ताबा सुटला, असं तपासात पुढं आलं.

आपल्या शिवाराचा संबंध

वैमानिक वरून मोकळं, कापणी झालेलं रान शोधतो. उभ्या उसात चाकं अडकून विमान उलटू शकतं. नांगरटीत सऱ्यांना आडवं उतरणं धोक्याचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून तो खांब शोधतो. विहीर तर शेवटच्या क्षणीच दिसते. खडकवासल्याकडं एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधे वाढत्या इमारती. २०२१ मध्ये गाव महापालिकेत आलं. मोकळी जागा जितकी कमी होईल, तितकी ही आखणी अवघड होणार. नव्या वस्तीचे आराखडे करताना उड्डाणाच्या वाटेखाली थोडी मोकळी पट्टी राहते का, हे नियोजनकर्त्यांनी बघायला हवं.

विमान रानात उतरलंच तर आधी पोहोचणार आपणच. ११२ ला फोन करा. विमानात पेट्रोल असतं, तेव्हा बिडी-सिगारेट लांब. पंख्याजवळ जाऊ नका, तो थांबलेला असला तरी. तार तुटली असेल तर वीज बंद झाल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नका. आणि व्हिडिओ काढायला गर्दी करण्याऐवजी रुग्णवाहिकेला बांधावरची वाट मोकळी करून द्या.