बल देणारा कोण?

अकरावीच्या विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात, आणि दिवाळी येईपर्यंत त्याच घरात भौतिकशास्त्राच्या वहीचा विषय काढायला सगळे बिचकतात. मूल म्हणते, ‘थिअरी कळते, गणितं सुटत नाहीत.’ आईवडील म्हणतात, ‘क्लास लावू.’ क्लासमध्ये सूत्रांचा तक्ता मिळतो, उत्तरेही मिळतात. गणित मात्र सुटत नाही, कारण मुलाचे अडलेले असते ते सूत्रापाशी नव्हे, त्याच्या बरेच अलीकडे.

पडघ्यात गेली काही वर्षे मी अशा मुलांबरोबर बसतो. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. उमेद बँकेच्या खातेवह्यांत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांत. ढकललेला खोका, फेकलेला चेंडू, थांबणारा ट्रक अशी यांत्रिकीची पहिली-पहिली गणिते, एवढाच माझा आवाका. पण तेवढ्यात एक गोष्ट पक्की ध्यानात आली आणि ती घरोघरच्या पालकांच्या कामाची आहे. मुलाला मदत करायला उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. नेमका प्रश्न विचारून गप्प बसता आले पाहिजे.

साधे उदाहरण घ्या. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटला आहे, अजून वर चालला आहे. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणती बले आहेत? बहुतेक मुले दोन बाण काढतात : खाली गुरुत्वाकर्षणाचा आणि वर ‘हाताच्या बलाचा’. यात मुलांचा मठ्ठपणा नाही. १९८२ साली जॉन क्लेमंट या अभ्यासकाने अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांपुढे नाणेफेकीचा असाच प्रश्न ठेवला, तेव्हा त्यांच्यातल्याही बहुसंख्यांनी तो वरचा बाण काढला होता. वस्तू हलते आहे म्हणजे तिला कोणीतरी ढकलत असले पाहिजे, असे ॲरिस्टॉटलही मानत होता. फेकणाऱ्याने दिलेला जोर वस्तूत साठून राहतो, असे चौदाव्या शतकात पॅरिसचा बुरिदां सांगत होता. एवढी जुनी समजूत लाल शाईच्या एका फुलीने कशी पुसली जाईल?

म्हणून फुली मारायची नाही. विचारायचे, ‘हे बल देणारा कोण?’

‘हात.’

‘हात आता कुठे आहे?’

‘खाली.’

‘चेंडूला लागतोय?’

इथे मोठी शांतता पसरते. ती मोडायची नाही. थोड्या वेळाने मूल आपणच खोडरबर उचलते. ‘मग चेंडू वर का जातो?’ असे विचारले, तर एक मुलगी म्हणाली, ‘जात होता म्हणून जातोय, फक्त दमत चाललाय.’ ‘दमत’ या शब्दावर आमची आणखी अर्धा तास चर्चा झाली, पण न्यूटनचा पहिला नियम तिच्या हाती लागला होता.

बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही. इथेही देणाऱ्याचे नाव सांगता आले नाही, तर बाण काढायचा नाही. तिसऱ्या नियमाला तर खातेवही फारच उपयोगी पडते. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात, मग त्या एकमेकींना रद्द का करत नाहीत?’ हा प्रश्न मुले पिढ्यान्‌पिढ्या विचारत आली आहेत. उत्तर असे की या दोन नोंदी दोन वेगळ्या खात्यांतल्या आहेत. माझ्या खात्यातून शंभर रुपये निघून तुमच्या खात्यात जमा झाले, म्हणून व्यवहारच झाला नाही असे कोणी म्हणत नाही. पृथ्वी पुस्तकाला ओढते ही नोंद पुस्तकाच्या खात्यात, आणि पुस्तक पृथ्वीला ओढते ही पृथ्वीच्या. गणितात एका वेळी एकच खाते उघडायचे.

पाठ केलेले वाक्यही असेच दगा देते. ‘घर्षण नेहमी गतीला विरोध करते’ हे मुलांना तोंडपाठ असते. ट्रक सुरू होऊन वेग घेतो आहे आणि हौद्यातला खोका न घसरता त्याच्याबरोबर पुढे चालला आहे. खोक्यावरचे घर्षण कोणत्या दिशेला? मुले म्हणतात, मागे. मग विचारायचे, खोक्याचा वेग वाढतोय, तर त्याला पुढे ढकलतोय कोण? त्याला टेकलेला आहे फक्त हौद्याचा तळ. म्हणजे पुढे ढकलणारे ते घर्षणच! घर्षणाचा विरोध असतो तो घसरण्याला.

खरे तर पडघ्यासारखी यांत्रिकीची प्रयोगशाळा शोधून सापडायची नाही. दारात मुंबई-नाशिक महामार्ग, आसपास गोदामे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने सपाट रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक लावला आणि चाके घासत गेली, तर घर्षण गुणांक ०.५ धरून तो सुमारे ४० मीटरवर थांबतो. पावसात गुणांक निम्मा झाला, तर ८० मीटर लागतात. या हिशेबात ट्रकचे वजन येतच नाही. माल दुप्पट तर थांबवायला बल दुप्पट लागते, आणि घर्षणही दुप्पट मिळते. हे पाहून मुले चकित होतात, आणि पावसात रस्ता ओलांडताना हा आकडा आठवतात.

मग अडते कुठे? बरेचसे भाषेत. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, बल. अकरावीत तेच एकदम ॲक्सिलरेशन, मोमेंटम, फोर्स होऊन इंग्रजी वाक्यांतून अंगावर येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम केले. विज्ञान शिकताना भाषा हाच मोठा अडसर असतो, यावर त्यांनी भर दिला होता. म्हणून मी आधी गणित मराठीत, स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. ज्याला गोष्ट सांगता येत नाही, त्याला ती सोडवता कशी येणार?

यावर पालक म्हणतात, ‘एवढा वेळ आहे कोणाकडे? सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात.’ अडचण खरी आहे, आणि युक्त्या पाठ करून काहींना गुण मिळतात हेही खरे. पण पहिली वीस गणिते सावकाश, बाण काढून सोडवणाऱ्याचाच हात पुढे झपाट्याने चालतो. बाकीच्यांचे मला अधिक वाईट वाटते. पहिल्या सहामाहीत चार गणिते अडतात आणि मूल ‘माझ्यात डोकंच नाही’ असा निकाल स्वतःवर देऊन विज्ञान सोडते. ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, तिथे हा निकाल फार लवकर लागतो, आणि त्यावर अपील होत नाही.

याच रस्त्याने पुढे गेले की कसारा घाट लागतो. तिथल्या लोहमार्गावर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. गाडीला मागून जादा इंजिने लावतात, आणि इगतपुरीला ती सोडवून घेतात. रेल्वेत त्या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात, हा निव्वळ योगायोग. मुलांना मदत करावी ती अशी, मागून आणि घाटापुरती.

आज रविवार आहे. मुलगा-मुलगी वही घेऊन अडली असतील, तर शेजारी जाऊन बसा. सूत्र आठवत नसेल तर बरेच. आकृतीतल्या एकेका बाणावर बोट ठेवा, ‘हे बल देणारा कोण?’ एवढेच विचारा आणि थांबा. चहा निवला तरी चालेल.