पिशवी, नोट आणि सुटे पैसे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा पाचवीत, गणितात पैकीच्या पैकी गुण. आईचा मोबाईल घेऊन तो राजवाड्याजवळून भाजी घेऊन आला. मी विचारले, "बटाटे काय भावाने मिळाले रे?" तो म्हणाला, "भाव नाही विचारला, मामा. भाजीवाल्याने आकडा सांगितला, तो मी टाकला!"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हाती पिशवी, यादी आणि शंभराची नोट दिली. परतला तेव्हा पिशवीत मेथी नव्हती. वाटेत गरम जिलबी दिसली आणि मेथीचे पैसे तिथे गेले. बहीण लगेच पर्स उघडू लागली. "लहान आहे रे, दादा!" मी तिला थांबवले. त्या रात्री मेथीवाचूनच जेवण झाले. भाचा जरा फुरंगटला. पण पुढच्या खेपेला त्याने आधी भाव विचारले, मग जिलबीकडे पाहिले.

२०१६ साली यूपीआय आले. त्याची सोय मी नाकारीत नाही. मीही ते वापरतो. पण मोबाईलमधला पैसा मुलाला संपताना दिसत नाही. नोट मोडली की दिसतो. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली ती केवळ परीक्षेसाठी नव्हे, व्यवहारात तोंडी हिशेब करता यावा म्हणून. १९५७ साली दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांची गरज सरली. हिशेबाची गरज मात्र सरलेली नाही.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला; तो २०२५ साली 'नेचर'मध्ये आला. ही मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब चटकन तोंडी करीत, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडत. उलट, शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबात मागे पडत. म्हणजे पाटी आणि तराजू यांची गाठच पडलेली नाही. ती घालून देणे हे शिक्षकांचे काम आहे, तसेच पालकांचेही.

त्यासाठी वेगळा तास नको. आठवड्यातून एकदा मुलाच्या हाती पिशवी आणि मोजके पैसे द्यावेत. भाव त्याने विचारावा, सुटे पैसे त्याने मोजून घ्यावेत, आणि चूक झाली तर ती आपण भरून काढू नये. आज वीस रुपयांची मेथी गेली तर काही बिघडत नाही. हीच चूक पंचविसाव्या वर्षी, पहिल्या पगारात आणि कर्जाच्या हप्त्यात झाली, तर ती फार महाग पडेल.