पिंपरीपाड्याची भिंत आणि मातीचा अहवाल

जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली. तीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी प्रशासनाच्या तोंडी अतिवृष्टी असतेच. जणू मुंबईत पाऊस नवा आहे!

चिकणमाती पाणी धरून ठेवते. भिंतीमागे तीन मीटर पाणी तुंबले, तर तळाशी दर चौरस मीटरला निव्वळ पाण्याचाच तीन टन दाब येतो. म्हणून निचऱ्याची भोके आणि मागे खडीचा थर हवाच. डोंगरउतारावर मुरूम संपून चिकणमाती कुठे लागेल, याचा नेम नसतो. एकाच ठिकाणची माती तपासून लांबलचक भिंत उभारणे हा निष्काळजीपणा आहे. त्यात माणूस मेला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे. पण मेल्यावर कलम शोधण्यापेक्षा वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी माती-तपासणीचे अहवाल आणि निचऱ्याचे नकाशे माहिती अधिकारात आताच मागावेत. उत्तराला तीस दिवस लागतात. अर्ज पावसाळ्याआधी पडला पाहिजे.